आर्थिक सल्ला : हृदयाची झडप आणि २२ लाखांचं एस्टिमेट

प्रश्न : माझे यजमान ६७ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा पंप (एलव्हॅड) बसवला. आता महाधमनीची झडप गळते आहे. पुन्हा छाती उघडणं धोक्याचं, म्हणून डॉक्टर मांडीतून कॅथेटर घालून झडप बसवा (टावी) म्हणतात. एस्टिमेट २२ लाख, विमा १० लाख. सीनियर सिटिझन्स स्कीममध्ये माझे २० आणि त्यांचे १० लाख आहेत, एफडी ९, म्युच्युअल फंड ६ लाख. मुलगा १४ लाखांचं पर्सनल लोन काढतो म्हणतो, दीर म्हणतात सिन्नरचा प्लॉट विका. काय करावं?

उत्तर : ताई, झडप बसवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण या ऑपरेशनातली एक गोष्ट थेट तुमच्या पाकिटावर येते. टावीच्या नेहमीच्या झडपा कॅल्शियम साचून कडक झालेल्या झडपेसाठी बनवलेल्या असतात, त्या कॅल्शियमलाच धरून बसतात. पंपाच्या पेशंटची झडप गळकी असली तरी बहुधा मऊच असते. त्यामुळे नवी झडप सरकण्याचा धोका जास्त, आणि सरकली तर तिथल्या तिथे दुसरी घालावी लागू शकते. एस्टिमेटमध्ये झडपा किती धरल्यात? दुसरीचे पैसे कोण देणार? बिलिंग काउंटरवरचं ‘बघू, करू काहीतरी’ चालणार नाही, लेखी घ्या. स्टेंटच्या किमतीला २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, या झडपांना नाही. म्हणून वापीत बनणारी, मोठ्या मापातही मिळणारी मायव्हॅल ही देशी झडप यजमानांना चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा.

विमा. खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेबाहेर गेलं तर कंपनी बाकीच्या बिलालाही त्या प्रमाणात कात्री लावते. मात्र इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावू नये, असा विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, २०२० पासूनचा नियम आहे. झडप हे इम्प्लांटच. तरी मी विम्याचे साडेआठ लाखच धरतो.

राहिले साडेतेरा. फंडातले ६, एफडीतले ५, मुलाकडून अडीच. झालं. मुलाने १४ लाख उचलले तर १२ टक्क्यांनी पाच वर्षं महिन्याला सुमारे ३१ हजारांचा हप्ता, कशासाठी? एफडीतले ४ लाख मात्र ठेवाच. पंपाच्या बॅटऱ्या कधीतरी बदलाव्या लागतात, पंपाची वायर जिथून बाहेर येते तिथलं ड्रेसिंग आणि आयएनआरच्या (रक्त किती पातळ आहे त्याच्या) तपासण्या तर चालूच असतात. प्लॉट आत्ता नको. घरात आजारपण आहे हे कळलं की गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

दुसरी झडप लागलीच, तर यजमानांचं सीनियर सिटिझन्स स्कीममधलं १० लाखांचं खातं मोडा. खात्याला दोन वर्षं झाली असतील तर एक टक्का, म्हणजे १० हजार कापले जातील, आणि ८.२ टक्के दराने तिमाहीचे २०,५०० रुपये व्याज बंद होईल. सोसण्यासारखं आहे.

तुमच्या २० लाखांना मात्र हात लावू नका. राग मानू नका, स्पष्टच लिहितो : ऑपरेशन कसंही झालं तरी पुढची वीस वर्षं तुम्हाला काढायची आहेत, आणि त्या खात्याचे तिमाहीला ४१ हजार हाच तुमचा हक्काचा पैसा. ‘माणसापुढे पैसा काय’ म्हणणारे नातेवाईक वाणसामानाचं बिल भरायला येत नाहीत.

आता घाईचं काम. फंड त्यांच्या नावावर असतील तर ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार, एफडीवरही सही त्यांचीच. ते आयसीयूत असताना हे जमणार नाही. अ‍ॅडमिट होण्याच्या आठवडाभर आधी पैसे बचत खात्यात आणा, आणि ते खातं दोघांच्या नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल) असं करून घ्या.