गाल सुजलेले मूल समोर आले की

बालदंतचिकित्सेत नव्याने आलेल्यांनी एक सवय लावून घ्यावी: गाल सुजलेल्या मुलाला तोंड उघडायला सांगण्यापूर्वी त्याचा श्वास, आवाज आणि गिळणे पाहावे. वरच्या दाताचा संसर्ग बहुधा डोळ्याच्या खालच्या पापणीकडे सरकतो. खालच्या दाढेचा मात्र जबड्याखाली उतरतो, आणि तेथून जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरला तर जीभ वर उचलली जाऊन श्वासमार्गच अडू शकतो. म्हणून लाळ गळत असेल, तोंड नीट उघडत नसेल, डोळा मिटत आला असेल किंवा तापाने मूल मलूल पडले असेल, तर वेळ न दवडता भुलीची व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

बाकीच्यांच्या सुजेभोवती पेनने रेघ ओढून वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर संसर्ग पसरतो आहे याबद्दल शंकेला जागा उरत नाही. प्रतिजैविकाची मात्रा मुलाचे वजन करूनच ठरवावी, पण केवळ औषधावर भागवू नये, कारण दात काढल्याशिवाय किंवा मुळातली घाण साफ केल्याशिवाय ओसरलेली सूज परत येते. सुरुवातीला मीही एका चार वर्षांच्या मुलीला नुसते सिरप देऊन घरी धाडले होते. तिसऱ्या दिवशी ती डोळा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत परतली.

‘दुधाचाच दात, पडणारच आहे’ असे पालक म्हणतील, तेव्हा दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकते हे सांगावे. गरम शेक दिला म्हणून रागावू नये. तो तेवढा बंद करायला लावावा.