लॉकडाउनमध्ये शहराचे आवाज रेकॉर्ड करून ठेवलेत का कोणी? कसे केलेत आणि आता त्यांचं काय करता?

हो, मी केलेत. डोंबिवलीत रुळांपासून दोन बिल्डिंग सोडून आमचं घर, चौथा मजला. २३ मार्च २०२० ला सकाळी जाग आली आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं, बऱ्याच वेळाने कळलं की गाडीच नाहीये. आदल्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या होत्या. आमच्याकडे पहिली गाडी गेली की आई उठायची, फास्ट गाडीने काच थरथरली की फोनवर बोलणारा आपोआप थांबायचा आणि गाडी गेल्यावर वाक्य तिथूनच पुढे चालू करायचा. त्या दिवशी आईसुद्धा उशिरा उठली.

मग खिडकीत मोबाईल ठेवून रेकॉर्ड करायला लागले. पहिले चार दिवस वाया गेले, कारण मोबाईलचं साधं अ‍ॅप बोलण्यासाठी बनवलेलं असतं, ते मागचे बारीक आवाज दाबून टाकतं आणि शांत झालं की खरखर वर ओढतं. तुम्हाला करायचं असेल तर वेव्ह फाईल (.wav, यात आवाज न दाबता जसाच्या तसा साठवला जातो) देणारं अ‍ॅप घ्या, नॉइज रिडक्शन बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, खाली जाड टॉवेल घडी करून ठेवा म्हणजे कठड्याची थरथर येत नाही, आणि वारा असेल तर माईकवर सुती मोजा चढवा. सुरुवातीला तारीख, वेळ, जागा तोंडाने बोला आणि मग तिथून निघून जा, निदान दहा मिनिटं. आपण उभे असलो की पक्षी गप्प बसतात.

पक्ष्यांवरून आठवलं, तेव्हा सगळे म्हणायचे पक्षी जोरात ओरडायला लागलेत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिमण्यांच्या एका जातीवर २०२० मध्येच अभ्यास झाला, त्यात उलटंच निघालं, त्या हळू गात होत्या आणि तरी जास्त लांबवर ऐकू जात होत्या कारण ट्रॅफिकवर मात करायची गरजच उरली नव्हती. आमच्या मागच्या आंब्यावरचा दयाळ हळू गात होता का ते मला सांगता येणार नाही, कारण त्याचं आधीचं एकही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही.

हीच गोष्ट मला अजून लागते. लॉकडाउनचे तासन्‌तास आहेत, मधूनच जाणारी मालगाडी आहे, दुपारी बाराला अख्ख्या बिल्डिंगच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, पण त्याआधीची डोंबिवली नाही. जुने घरगुती व्हिडिओ काढून बघितले तर प्रत्येकात कोणीतरी म्हणतंय "थांब थांब, गाडी जाऊ दे" आणि व्हिडिओ बंद.

माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं म्हणाल तर एका भाजीवाल्याच्या क्लिप्स. हा मूळचा रिक्षावाला, रिक्षा बंद म्हणून हातगाडी घेऊन आला. ७ एप्रिलची पहिली क्लिप आहे, त्यात तो ओरडतच नाही. गाडीचं चाक कुरकुरतं, थांबतं, मग मास्कमधून दबकं "भाजी आहे..." आणि परत चाक. कोणाला ऐकूच गेलं नाही, एकही खिडकी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या काकूंनी ओरडून सांगितलं, "अहो जरा मोठ्याने बोला की, आम्हाला कसं कळणार!" मग तो रोज थोडा थोडा मोठा होत गेला. आधी नुसतं "भाजी", मग "मेथी पालक", मग महिन्याभराने "एऽऽ ताज्जी मेऽऽथी", मेथीतला मे लांब खेचून थी वर एकदम तोडलेली, अगदी पिढीजात भाजीवाल्यासारखी. माणसाला आरोळी कशी येते ते दिवसागणिक माझ्याकडे आहे, एकूण एकतीस क्लिप्स.

१५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाल्या, ती पहिली गाडीही रेकॉर्ड केली. पुढे रिक्षा सुरू झाल्यावर तो यायचा बंद झाला.

मागच्या वर्षी स्टेशनवरून रिक्षात बसले, उतरताना तो म्हणाला "सुट्टे आहेत का ताई" आणि मी आवाजावरून ओळखलं, चेहरा तर मी मास्कशिवाय कधी बघितलाच नव्हता. म्हटलं दादा, तुम्ही आमच्याकडे भाजी विकायचात ना, तुमचा आवाज आहे माझ्याकडे. त्याला खरंच वाटेना. मी मोबाईल काढल्यावर त्याने रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कानाला लावून पहिली ऐकली, मग मधल्या दोनतीन, मग शेवटची. जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, ती पहिली परत लावा."