बूम खाली बसतो म्हणून वडिलांची एफडी मोडायची का?

प्रश्न थोडक्यात असा: फलटण तालुक्यातल्या एका वाचकाकडे १९९८ चा ट्रॅक्टर आहे, त्याला मागून जुना बॅकहो (खोदाईचा हात) बसवलेला आहे. पाइपलाइनचे चर, बांधबंदिस्ती अशी कामं ते भाड्याने करतात. बूम (बॅकहोचा मुख्य हात) हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवरून तेल गळतं आणि वर उचललेला बूम दहा मिनिटांत फूटभर खाली येतो. सव्वा वर्षात दोनदा सील कीट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) बदलून झालं. मेकॅनिक म्हणतो, नवा सिलिंडर टाका, ३८,००० रुपये. रॉडला क्रोमचा मुलामा, बॅरलला (सिलिंडरच्या नळीला) आतून होनिंग म्हणजे घासून गुळगुळीत करणं, आणि नवं कीट केलं तर १४,५००. खात्यात २२,००० आहेत, वडिलांची २ लाखांची एफडी आहे. ती मोडावी, की सगळंच विकून कर्जावर नवीन मशीन घ्यावं?

नमस्कार,

एफडीला हात लावू नका आणि नव्या मशीनचा विचार तूर्त बाजूला ठेवा. सिलिंडरचा निर्णय मात्र इतक्यात करू नका, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि मेकॅनिकने त्या एकात गुंडाळल्या आहेत.

रॉडवरून बाहेर गळणारं तेल म्हणजे रॉड सील आणि ग्लँडचा (रॉड जिथून बाहेर येतो त्या झाकणाचा) प्रश्न. बूम आपोआप खाली बसणं हा आतल्या गळतीचा प्रश्न, आणि ती गळती पिस्टन सीलमधून होत असेल किंवा कंट्रोल व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलमधून (तेलाची दिशा बदलणाऱ्या आतल्या दांडीतून). दोष व्हॉल्व्हमध्ये असेल तर ३८,००० घालूनही बूम बसतच राहील. म्हणून आधी चाचणी. तिला मजुरीपलीकडे खर्च नाही.

बूम आणि बकेट जमिनीवर पूर्ण टेकवा, बूमखाली लाकडी ठोकळे द्या. रॉडच्या टोकाची पिन काढून सिलिंडर बूमपासून मोकळा करा आणि तोही ठोकळ्यावर ठेवा. इंजिन सुरू करून रॉड पूर्ण बाहेर काढा. इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडा. आता रॉडच्या बाजूचा होज (तेलाची रबरी नळी) काढून होजच्या तोंडाला प्लग मारा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली (होज जोडायच्या तोंडाखाली) डबा धरून ठेवण्याऐवजी तो जमिनीवर ठेवा. इंजिन मंद ठेवून लिव्हर रॉड बाहेर जाण्याच्या दिशेनेच दाबा. लिव्हर उलटा दाबायचा नाही, आणि पोर्टसमोर कोणी उभं राहायचं नाही. थेंब थेंब आलं तर पिस्टन सील ठीक. धार लागली तर पिस्टन सील किंवा बॅरल गेलं. थेंबच येतात आणि तरी बूम बसतो, तर पैसे व्हॉल्व्हवर खर्च करायचे आहेत. गळती हाताने चाचपू नका. प्रेशरचं तेल कातडीत घुसतं आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठा फिरवून बघा.

सील कीट दोनदा का गेलं, हेही शोधायला हवं. रॉडवरचा क्रोम उडून खड्डे पडले असतील तर त्यांच्या कडा नवं सील कापतात. रॉड किंचित वाकला असेल तर ग्लँडचा बुश एका बाजूने झिजतो आणि सील एकाच बाजूला दाबलं जातं. म्हणून तिसरं कीट टाकण्याआधी लेथवाल्याकडून रॉड व्ही-ब्लॉकवर फिरवून, डायल गेज लावून त्याचा वाक तपासून घ्या. बॅरलला आतून नख लावून बघा, आणि तीन ठिकाणी बोअर गेजने बोअरची (आतल्या व्यासाची) मापं घ्या. उभा ओरखडा ०.२ मिमीपेक्षा खोल असेल तर होनिंगच्या भानगडीत पडू नका. तेवढं घासलं की बोअर मोठा होतो, सील सैल बसतं आणि तुम्ही चौथ्यांदा तिथेच याल.

आता हिशेब. तुम्ही लिहिता की तासाला ८५० रुपये भाडं मिळतं, डिझेल-चालक वजा जाता ३०० उरतात, आणि वर्षाला साधारण ५०० तास काम होतं. दुरुस्तीच्या १४,५०० मध्ये पिन-बुशचे ४,००० आणि नवीन तेल-फिल्टरचे ८,००० धरा, म्हणजे २६,५००. हे दोन्ही खर्च टाळण्यासारखे नाहीत. ढिले बुश रॉडवर आडवा ताण आणतात, आणि खराब सिलिंडरचा चुरा टाकीत गेलेला असतो, तो नव्या सीलला पहिल्याच महिन्यात खाईल. २६,५०० म्हणजे ८८ तासांची कमाई. नवा सिलिंडर याच हिशेबाने ५०,००० ला पडतो, म्हणजे १६७ तास. दोन्ही वर्षाच्या आत फिटतात.

नवीन मशीनचं बघा. डीलरच्या कोटेशनप्रमाणे २८ लाख कर्ज, ११ टक्के, चार वर्षं: हप्ता सुमारे ७२,४००. नव्या मशीनवर तासाला ५०० उरतील असं धरलं तरी हप्त्यापुरतेच महिन्याला १४५ तास लागतात. आज तुमचे सरासरी ४२ होतात. इतकं काम आधी हातात असल्याशिवाय ही उडी घेऊ नका. आधी कर्ज काढून मग काम शोधणाऱ्याचं घर त्यात अडकतं.

बॅरल चांगलं निघालं तर माझा कौल दुरुस्तीला, पण वेळ बघून. क्रोमिंगला एमआयडीसीत आठ-दहा दिवस जातात. सुगीनंतरच्या भर हंगामात दहा दिवस रोज चार तास बुडाले तर १२,००० गेले, म्हणजे दुरुस्तीतून वाचणाऱ्या २३,५०० मधला निम्मा फायदा तिथेच संपला. काम थांबलेलं असताना दुरुस्ती करा. बॅरल खराब असेल तर हंगाम असो वा नसो, नवा घ्या.

नवा घेताना दुकानात २९,००० ला तयार असलेला ८० मिमी बोअरचा सिलिंडर घेऊ नका. तुमचा ९० चा आहे. बोअर १० मिमीने कमी झाला की पिस्टनचं क्षेत्र आणि त्यासोबत रॉड बाहेर ढकलण्याचा जोर २१ टक्के घटतो. काळ्या कठीण मातीत हे पहिल्याच दिवशी कळेल. मागवताना बोअर, रॉडचा व्यास, स्ट्रोक, बंद असताना पिन ते पिन अंतर, पिनचा व्यास आणि पोर्टची चुडी (आटे) लेखी द्या. बसवल्यावर भाराशिवाय, कमी वेगात पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करून हवा काढा आणि टाकीतली पातळी पुन्हा बघा. रिकामा सिलिंडर सहज चारेक लिटर तेल पिऊन घेतो.

पैशांचं म्हणाल तर दुरुस्तीला खात्यातले २२,००० आणि पुढच्या पंधरवड्याची कमाई पुरेल. नवा घ्यावाच लागला तर वडिलांशी बोलून एफडीवर तारण कर्ज घ्या. त्याचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ३०,००० सहा महिन्यांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर व्याज १,३५० होतं. गावातल्या महिना शेकडा दोनच्या सावकाराकडे तेच ३,६०० होतं. ठेव मोडली तर दंड बसेल आणि वडिलांच्या औषधपाण्याचा आधार कायमचा कमी होईल, हे मला जास्त खटकतं.

वर्कशॉपकडून पक्कं बिल घ्या आणि क्रोम व सीलची हमी किती महिन्यांची, ते त्यावरच लिहून घ्या. हिशेबवही ठेवून कर भरत असाल तर एका दिवसात एकाच माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका, तो खर्च करात मान्य होत नाही. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठराविक हिस्सा नफा धरून कर भरत) असाल तर दुरुस्तीची वेगळी वजावट मिळत नाही. आणि मशीन उभं करताना बूम सिलिंडरचा रॉड जितका आत राहील तितका ठेवा, उरलेल्या उघड्या भागावर ग्रीस लावा. पावसात उघडा राहिलेला रॉडच आधी गंजतो.