पाणी पिऊनही तहान भागत नाही, तेव्हा

प्रश्न : माझ्या पतींच्या (वय ५४) आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. सगळं मोठं आतडं आणि लहान आतड्याचा शेवटचा बराचसा भाग काढला आहे, पोटावर स्टोमाची (आतड्याचं तोंड पोटावर उघडलेलं असतं त्याची) पिशवी आहे. मी रोज माप लिहून ठेवते. पिशवीत दिवसाला दोन लिटरच्या आसपास पातळ द्रव येतो. ते भरपूर पाणी आणि फळांचे रस पितात, तरी तोंड कोरडंच. लघवी थोडी आणि गडद होते, पोटऱ्यांत गोळे येतात. वजनही उतरतंय. त्यांना काय खायला घालू?

उत्तर : ताई, खाण्याचं नंतर बघू, आधी पिण्याचं. आणि त्याही आधी तो मापाचा कागद घेऊन आजच सर्जनना फोन करा. पिशवीत रोज दीड लिटरच्या वर द्रव जायला लागला की शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी होतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याचीच आहेत. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं) रक्तात तपासायला हवं, कदाचित सलाइनही लागेल. चक्कर येऊ लागली, गुंगी वाटली किंवा लघवी जवळजवळ थांबली, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट रुग्णालयात न्या.

आता ते पाणी. शस्त्रक्रिया विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर बोलावं लागतं, कारण घरच्यांच्या मनाला ती पटतच नाही. लहान आतड्याच्या वरच्या भागाच्या भिंतीतून मीठ आणि पाणी दोन्ही बाजूंनी सहज ये-जा करतात. बिनमिठाचं पाणी तिथे पोचलं की शरीरातलं मीठ आतड्यात उतरतं, त्याच्यामागे पाणी येतं. पुढे ते परत शोषून घेणारं मोठं आतडं आता नाही. त्यामुळे सगळं पिशवीत जातं, तहान वाढते, आणि आपण आणखी एक ग्लास पुढे करतो. फळांचा रसही तसाच. त्यातली साखर पाणी ओढून घेते.

त्यांना हवं आहे ते मीठ आणि ग्लुकोज यांचं पाणी. ग्लुकोज सोबत असलं की आतडं सोडियम आत घेतं आणि पाणी त्याच्याबरोबर जातं. अशा रुग्णांसाठी वापरलं जाणारं प्रमाण असं : एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. नेहमीच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल (मोजायचं एकक) सोडियम असतं, यात सुमारे ९०. रोज ताजं करा, गार करा, दिवसभर घोट घोट द्या. साधं पाणी, चहा, रस हे सगळं मिळून साधारण अर्धा ते एक लिटरच्या आत ठेवायला सांगतात. मात्र द्रव एकदम तोडू नका. त्यांचं रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड बघून दोन्हीचं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. तहानलेल्या माणसाला पाणी नको म्हणणं किती जड जातं, ते मी रोज पाहते. पण मीठ भरून आलं की ती तहान खरोखर ओसरते.

खाणं त्यामानाने सोपं आहे. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. भात, पाव, बटाटा, केळं, सोबत प्रत्येक वेळी अंडं, मासा, चिकन किंवा पनीर असं काहीतरी प्रथिनांचं. वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे विचारूनच. वरून मीठ घ्यायला हरकत नाही. तूप-लोणी बंद करू नका, त्यांना उष्मांक हवेत. ‘हलकं’ म्हणून नुसतं सूप देणं मला मुळीच मान्य नाही : पोट भरतं, अंगी लागत नाही. जेवणाच्या आगेमागे अर्धा तास काही पिऊ नये. मका, मशरूम, दाणे, फळांच्या साली तूर्त नकोत, त्या स्टोमात अडकतात. लोपेरामाइड (पिशवीत येणारा द्रव कमी करणारं औषध) दिलं असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास.

उरलेलं आतडं हळूहळू थोडं जास्त शोषायला शिकू शकतं, मोठं आतडं नसताना मात्र हा फरक कमी असतो. हे दोन वर्षांपर्यंत चालू शकतं, तेव्हा आजचे आकडे कायमचे समजू नका.

एक गोष्ट मात्र भरून येत नाही. बी-१२ शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच, आणि तो तर काढला आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा दिसते, तोवर नसांना इजा होऊ शकते. इंजेक्शन कधीपासून आणि किती महिन्यांनी, हे याच भेटीत विचारून मापाच्या कागदावर लिहून घ्या.