चढावर पायडल मारताना सायकल कट-कट वाजते. मेकॅनिकने बॉटम ब्रॅकेट (दोन्ही पायडलांच्या मधला, फ्रेममध्ये बसणारा बेअरिंगचा भाग) बदलून दिला, तरी आवाज तसाच. नेमकं काय बिघडलं असेल?

आधी एक सांगतो, आवाज कुठून येतोय हे कानावर सोडू नका. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. सीटखाली वाजलेलं नळीतून उतरतं आणि थेट पायापाशी वाजल्यासारखं वाटतं. म्हणून तर मेकॅनिक सरसकट बॉटम ब्रॅकेट उघडतात आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट बसते. कुठे वाजतंय ते राहू द्या, कधी वाजतंय ते बघा.

पण तुमच्या बाबतीत त्याआधीही एक काम आहे. बॉटम ब्रॅकेट बदलला म्हणजे दोन्ही क्रँक, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला असतं ते दांडे, काढून परत बसवलेत. पायडल न धरता क्रँकचा दांडाच हातात घ्या आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून बघा. दोन्हीकडे. एकाच बाजूचा क्रँक खुळखुळला तर तोच सैल आहे, बोल्ट आवळेपर्यंत सायकल काढू नका. दोन्ही क्रँक जोडणारा एक्सल चौकोनी असेल तर फारच जपा, कारण स्टीलचा एक्सल ॲल्युमिनियमच्या क्रँकचं भोक खाऊन टाकतो आणि एकदा ते मोठं झालं की कितीही आवळा, दोन दिवसांत पुन्हा सैल. मग नवा क्रँकच घ्यावा लागतो.

तिथे सगळं घट्ट असेल तर त्याच चढावर सीटवरून उठून पायडल मारा. आवाज गेला की समजा, सीट किंवा सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी. उंचीच्या खुणेला चिकटपट्टी लावून सीटपोस्ट बाहेर काढा. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि बारीक रेती तिथे हमखास सापडते, पावसाळ्यात तर विचारूच नका. नळी आतून-बाहेरून पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या, बसवा. (कार्बनची असेल तर ग्रीस नको, तिची वेगळी पेस्ट मिळते.) सीटच्या खालच्या दांड्या क्लॅम्पमध्ये धरलेल्या असतात, ती जागाही पुसून घ्या.

उभं राहूनही वाजतंय? मग पायडलच्या फेऱ्या मोजा. दर फेरीला एकदा, तेही एकच पाय दाबताना, तर त्या बाजूचं पायडल. काढा, आटे साफ करा, ग्रीस लावून घट्ट बसवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उलट्या बाजूला जोर लावत बसलात तर आणखी आवळत जाईल. याच वेळी पुढच्या चक्राचे छोटे बोल्टही तपासा. आणि हो, बुटाच्या लेसचं टोक क्रँकवर आपटत नाही ना, तेही बघा. हसू नका, असं होतं.

अडीचेक फेऱ्यांनी एकदा वाजत असेल तर चेनची एखादी कडी आखडलीय. चेनला साधारण 110 कड्या आणि पुढच्या चक्राला 44 दाते धरले, तर तीच कडी अडीच फेऱ्यांनी परत येते. पायडल हाताने हळूहळू उलटं फिरवा. मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांवरून जाताना ती कडी टुणकन उडी मारते. दोन्ही अंगठ्यांनी तिला आडवं थोडं वाकवा, तेलाचा थेंब सोडा.

पायडल थांबवल्यावरही येणारा आवाज चाकाचा, मडगार्डचा किंवा ब्रेकचा. फक्त जोर लावल्यावर मागून येत असेल तर मागचं चाक काढून एक्सलची टोकं आणि फ्रेमच्या खाचा पुसून घ्या, क्विक रिलीज (चाक आवळून धरणारा खटका) नीट आवळा. स्पोक एकमेकांना जिथे टेकतात तिथेही तेलाचा एकेक थेंब पुरतो.

एका वेळी एकच काम करा आणि त्याच चढावर जाऊन बघा. वैतागून सगळीकडे स्प्रे मारलात तर काय बरं झालं ते कळणार नाही, आणि तो डिस्क ब्रेकच्या चकतीवर उडाला तर उतारावर ब्रेक लागणार नाहीत.