नागपूरच्या सपाट रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याला रत्नागिरी ते गणपतीपुळे जाऊन-येऊन एका दिवसात जमेल का?

जमेल भाऊ, पण रामटेकचा हिशोब तिथे लावू नका. नागपूर-रामटेक 50 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गडाचा चढ येईपर्यंत गिअरला हात लागत नाही. आरे-वारेमार्गे रत्नागिरी-गणपतीपुळे जेमतेम 25, म्हणजे जाऊन-येऊन तेवढंच. पण खाडीच्या पुलापर्यंत उतरायचं की लगेच समोरच्या डोंगरावर चढायचं, असा तो रस्ता. सराव म्हणून सेमिनरी हिल्सचा चढ सलग आठ-दहा वेळा मारून बघा. मी नाही मारला, म्हणून एका चढावर मुकाट्याने सायकल ढकलत नेली.

खरा खेळ वाऱ्याचा. हिवाळ्यात सकाळी तो मंद असतो. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, जोर धरतो. गणपतीपुळे रत्नागिरीच्या उत्तरेला. म्हणून उजाडताच निघा, दहापर्यंत पोहोचा. परतताना वारा बराचसा पाठीशी राहतो. आरे-वारेच्या वरच्या वळणावर मात्र तो आडवा येतो. माझं पुढचं चाक हातभर सरकलं होतं. तिथे फोटोच्या नादात एका हाताने हँडल धरू नका.

डिसेंबर-जानेवारीतच जा. तरी घाम आपल्याकडच्यासारखा वाळत नाही, पाणी जास्त ठेवा. तर्री-पोहे विसरा, कोकम सरबत प्या. आणि परतल्यावर त्याच रात्री चेन पुसून तेल द्या. खाऱ्या हवेत माझी दोन दिवसांत तांबूस झाली होती.