चार खाने म्हणजे चार मुलं नव्हेत

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (एएस) आहोत. आमची मोठी मुलगी एसएस, म्हणजे आजारी, निघाली. ‘चारात एकाला होतो’ असं आम्हाला सांगितलं होतं. ते एक आमच्या पदरात पडलं, मग पुढची मुलं चांगली होतील ना? सासूबाई म्हणतात, हा दोष माझ्या माहेरचा.
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : ताई, तसं नाही. आणि हा गैरसमज बहुधा माझ्यासारख्यांनीच पसरवला आहे. प्रयोगशाळेत होते तेव्हा मी केसपेपरच्या मागे चौकोन काढून त्यात चार खाने पाडायची : एए, एएस, एएस, एसएस. एक बाई दुसरं आजारी बाळ कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही तर चारातला एकच खाना आजारी दाखवला होता.” त्या दिवसापासून खाने बंद. आता मी पर्समधून दोन नाणी काढते.

एक नाणं तुमचं, एक यजमानांचं. छापा म्हणजे एस, आजाराची प्रत; काटा म्हणजे ए, निरोगी प्रत. लाल पेशीतलं हिमोग्लोबिन कसं बनवायचं हे सांगणाऱ्या एका जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. बाळाला देताना दोघांपैकी प्रत्येक जण आपल्या दोनांतली एकच प्रत देतो. कुठली, ते कुणाच्या हातात नाही. दोन्ही छापे पडले की एसएस. दर गरोदरपणी नाणी नव्यानं उडतात, मागच्या वेळी काय पडलं ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून पुढच्या बाळालाही धोका तेवढाच, २५ टक्के. अशा जोडप्याला तीन मुलं झाली, तर तिन्ही या आजारातून सुटण्याची शक्यता ६४ पैकी २७, निम्म्याहून कमीच.

एस अप्रभावी आहे, म्हणून एका एसनं तुम्ही आजारी पडला नाहीत. शाळेच्या पुस्तकात याला जनुकविधा आणि स्वरूपविधा म्हणतात : आत काय लिहिलंय आणि बाहेर काय दिसतं. तुमची आणि एए असलेल्या शेजारणीची तब्येत सारखीच दिसेल, आतलं मात्र वेगळं.

पहिल्या तपासणीतही हे आतलं पुरतं कळत नाही. सोल्युबिलिटी नावाच्या या तपासणीच्या नळीत रक्ताचा थेंब टाकून ती रेघांच्या कागदासमोर धरतात. रेघा दिसल्या तर एस नाही, पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर आहे. पण एक की दोन, हे नळी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. तो रिपोर्ट जपून ठेवा.

पुढचा विचार असेल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना दोघंही वाहक असल्याचं सांगा. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन बाळाची तपासणी होते. ती सगळीकडे होत नाही, म्हणून कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवा. मुलीला भरपूर पाणी पाजा, आणि ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

राहिलं माहेर. मुलीच्या दोन एसपैकी एक तुमचा, दुसरा यजमानांचा. त्यांना तो सासूबाईंकडून आला असेल, नाहीतर सासऱ्यांकडून. दीर-नणंदा लग्नाच्या असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या. त्या दिवशी सासूबाईंनाही सोबत न्या.